पाव किलोच्या आत

अमेरिकेत पोट उघडून गर्भाशयातले फायब्रॉइड काढले, की बिलासाठी मंडईतला हिशेब सुरू होतो. स्नायूच्या भिंतीतल्या गाठी चारपर्यंत आणि एकूण वजन २५० ग्रॅमच्या आत असेल, तर बिलावर शस्त्रक्रियेचा सीपीटी कोड ५८१४०. पाचवी गाठ निघाली किंवा काटा पाव किलोच्या पुढे गेला, की ५८१४६, म्हणजे मोबदला जास्त. आणि सर्जनबाई शस्त्रक्रियेच्या नोटमध्ये काय लिहितात? ‘अनेक मोठ्या गाठी काढल्या.’

अनेक म्हणजे किती, हा प्रश्न मग पुण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या ऑफिसात बसून अमेरिकेतल्या नोटा वाचून बिलाचे कोड लावणाऱ्या एखाद्या बीएस्सी झालेल्या कोडरला पडतो. त्याने सर्जनबाईंना विचारायला हरकत नाही. पण ‘गाठी पाच होत्या ना, मॅडम?’ असं उत्तर सुचवून विचारायचं नाही. वकिलांनाही साक्षीदारासमोर याहून जास्त मोकळीक असते.

निदानाची तऱ्हाही तीच. आयसीडी-१० या निदानांच्या कोडयादीत अस्तराखालची गाठ डी२५.०, भिंतीतली डी२५.१, बाहेरच्या आवरणाखालची डी२५.२. एवढी सोय केल्यावर शेजारी डी२५.९ ठेवलाच आहे: जागा अनिर्दिष्ट. सोनोग्राफीवाल्याने गाठ मिलिमीटरमध्ये मोजलेली, सर्जनने हाताने काढलेली, तरी नोटमध्ये नुसतं ‘फायब्रॉइड’. झालं, अनिर्दिष्ट!

गाठींमुळे होणाऱ्या रक्तस्रावाचं तर विचारूच नका. हिमोग्लोबिन सातवर आलं हे रिपोर्टमध्ये छापलेलं असतं, पण डॉक्टरांनी ‘ॲनिमिया’ असं निदान लिहिलं नसेल, तर कोडरच्या लेखी पेशंटचं रक्त उत्तम आहे.