दाबा, काका, दाबा

सोसायटीच्या क्रिकेटमध्ये दुसरी धाव घेताना मी वळलो, गुडघा वळायचा राहिला. रन-आउट झालो तो झालोच, वर ‘गादी फाटली’ असं निदान. कापसाची की फोमची, असं विचारणारेही दोघे भेटले. ही गादी चंद्रकोरीच्या आकाराची, एकेका गुडघ्यात दोन. तिच्या बाहेरच्या कडेलाच काय तो रक्तपुरवठा. माझी नशिबानं तिथंच फाटली, म्हणून डॉक्टरांनी तुकडा न काढता दुर्बिणीतून टाके घातले. ऑपरेशन तासाभरात आटोपलं. फिजिओथेरपी किती महिने, हे मी विचारलंच नव्हतं.

पहिला व्यायाम ऐकून हसू आलं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्यानं ती दाबायची. बस्स. फिजिओ माझ्या मुलीपेक्षा चारेक वर्षांनी मोठी.

“दाबा, काका.”

दाबलं.

“दाबा ना!”

“दाबतोय की!”

तिनं मांडीवर बोट टेकवलं. “काका, तुम्ही दात दाबताय.”

खरंच. जबडा आवळलेला, भुवया कपाळात, चांगल्या पायाचा अंगठा ताठ. मांडी तेवढी शिजलेल्या भोपळ्यासारखी ढिम्म. सुजलेला गुडघा मांडीच्या पुढच्या स्नायूला कामच करू देत नाही म्हणे. पंचेचाळीस वर्षं पोसलेला स्नायू, दोन आठवड्यांत परका! चौथ्या दिवशी गुडघ्याची वाटी जराशी वर सरकली, तेव्हा मी बायकोला हाका मारून बोलावलं. ती हातातल्या लाटण्यासकट धावत आली. वाटी बघून म्हणाली, “एवढंच?”

मग शाळेत सुटला असं वाटलेला कोनमापक पुन्हा आयुष्यात आला, आता हातभर लांबीचा. पहिले ६ आठवडे ९० अंशांपुढे गुडघा वाकवायचा नाही. काटकोन ही लक्ष्मणरेषा. जिन्याचा नियम वेगळाच: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. “चांगला वर, दुखरा खाली” असं पुटपुटत मी उतरायचो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी कोणाचा जप धरलाय, म्हणून चौकशी केली.

आता चौथा महिना. १२५ अंशांपर्यंत पोचलोय. उकिडवं बसणं, मांडी घालणं अजून बंद. तेव्हा मुंजीचं आमंत्रण जरूर द्या. फक्त पंगत टेबल-खुर्चीची आहे ना, तेवढं आधी कळवा.