कडक ब्रेकचा सोस

खान्देशात सायकल पारखायची एक ठरलेली रीत आहे. स्टँडवर उभ्या गाडीची सीट थोपटायची, टायर अंगठ्याने दाबून बघायचा आणि शेवटी ब्रेकचा लिव्हर चारही बोटांत धरून जोर लावायचा. तो मध्येच अडला आणि पुढे तसूभर हलला नाही, की 'कडक आहे भो!' असा निकाल लागतो. चहा, ऊन, इस्त्री आणि तहसीलदार कडक असावेत याबद्दल जळगाव-धुळ्यात दुमत नाही. पण माउंटन बाइकच्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकला हीच फूटपट्टी लावणं अन्यायाचं आहे. माझं म्हणणं इतकंच, की चांगला लिव्हर बोटाच्या जवळ असावा, दाबल्यावर थोडा चालावा आणि शेवटी किंचित मऊ लागला तरी त्यावर कोणी नाक मुरडू नये.

यामागचा हिशेब पास्कलचा आहे. द्रवांच्या दाबाविषयीचं त्याचं पुस्तक तो वारल्यावर, १६६३ मध्ये, छापून निघालं. बंद नळीतल्या तेलावर एका टोकाला दाब दिला, की तो सगळीकडे सारखाच पोचतो. आता समजा, लिव्हरमागचा दट्ट्या १० मिलिमीटर व्यासाचा आहे आणि खाली कॅलिपरमध्ये २२ मिलिमीटरचे दोन समोरासमोर आहेत. खालच्या दोघांचं मिळून क्षेत्रफळ वरच्याच्या साडेनऊ पटींहून जास्त भरतं. जोर तेवढ्या पटीने वाढतो खरा, पण वरचा दट्ट्या एक मिलिमीटर सरकला तर खालचे जेमतेम एक दशांश मिलिमीटर पुढे येतात. त्यात लिव्हरची तरफ पाचास एक धरली, तर पॅड आणि डिस्कमधल्या एक दशांश मिलिमीटर फटीसाठी बोटाला अर्धा सेंटिमीटर चालावं लागतं. जोर हवा तर अंतर मोजा, असा हा रोखीचा व्यवहार आहे. जळगावच्या सराफ बाजारात घडणावळीवर घासाघीस करता येते, इथे करता येत नाही. म्हणून जो लिव्हर दाबताक्षणी टक्कन अडतो, त्याच्याबद्दल दोनच शक्यता उरतात. एकतर त्याची तरफ कमी आहे, म्हणजे जोरही कमी मिळणार. नाहीतर पॅड डिस्कला जवळजवळ चिकटलेले आहेत आणि गाडी चालताना खर्र-खर्र वाजणार.

याहून ढळढळीत पुरावा शेवभाजीचा. ढाब्यावर जेवण झालं, हात पेपराला पुसले आणि तर्रीची बोटं डिस्कला लागली, तर ते तेल पॅडमध्ये मुरतं. मग लिव्हर दाबून बघा. पूर्वीइतकाच कडक, कुठे तक्रारीला जागा नाही, आणि गाडी मात्र थांबायचं नाव घेत नाही. कडकपणा आणि पकड या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे यापेक्षा स्वस्तात सिद्ध होत नाही (पॅड मात्र नवे घ्यावे लागतात).

तर मग जुळवायचं काय? पहिलं, लिव्हर हँडलपासून किती लांब आहे ते. बहुतेक लिव्हरच्या पोटाशी एक बारीक स्क्रू असतो, बऱ्याचदा २ मिलिमीटरच्या ॲलन कीचा. महागड्या ब्रेकला हाताने फिरवायची फिरकी असते. लिव्हरचं टोक तर्जनीच्या पहिल्या पेरात आरामात बसेल इतका तो आत घ्यायचा. ब्रेकला एकच बोट लागतं, उरलेल्या चार बोटांनी हँडल धरायचं असतं, आणि दगडगोट्यांच्या वाटेवर ते काम ब्रेकइतकंच जरुरीचं आहे. शिमानोच्या काही लिव्हरवर 'फ्री स्ट्रोक' नावाचा आणखी एक स्क्रू असतो. पकड कुठे सुरू व्हावी, हे त्याने ठरावं अशी अपेक्षा. प्रत्यक्षात तो पूर्ण फिरवूनही फरक इतका थोडा पडतो, की तो गिऱ्हाइकाच्या हाताला चाळा म्हणून दिलाय की काय, अशी शंका येते. त्याआधी कॅलिपर डिस्कच्या बरोबर मधोमध आहे का ते बघावं. नसेल तर एक पॅड आधी टेकतो, मग डिस्क वाकवत दुसऱ्याकडे नेतो, आणि हातात येणारा गिळगिळीतपणा त्या वाकण्याचा असतो.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे ढिला ब्रेकही गोड मानून घ्यायचा का? मुळीच नाही. लिव्हर हँडलला टेकत असेल आणि दोन-तीनदा पटापट दाबल्यावर घट्ट होत असेल, तर बहुधा नळीत हवा आहे. तेल दबत नाही, हवा दबते. ती काढलीच पाहिजे. मात्र काढताना पॅडच्या जागी ठोकळा घालून दट्टे पूर्ण मागे सारलेले हवेत. पॅड पुढे असतानाच काठोकाठ तेल भरलं, तर लिव्हर झकास कडक होतो, मेस्तरी खूश, गिऱ्हाईक त्याहून खूश. पण लिव्हरजवळच्या टाकीत तेलाला फुगायला जी जागा ठेवलेली असते, ती संपलेली असते. चाळीसगावच्या वर कन्नड घाट उतरताना डिस्क तापते, तेल फुगतं आणि ब्रेक कोणी न दाबताच लागू लागतो. भुसावळचा ४५ अंशांचा मे महिना यात निर्दोष आहे. घाटात तापलेल्या डिस्कपुढे तो हिवाळाच म्हणायचा.

'आमच्याकडे सगळं सपाट, एवढा खटाटोप कशाला?' हा आक्षेप तापीकाठच्या केळीच्या बागांपुरता खरा आहे. पण धुळ्याला लळिंगची चढण आहे, रावेरच्या वर पालकडे सातपुडा आहे, आणि सपाट रस्त्यावर अचानक आडवी येणारी म्हैस आहे. तिला वळसा घालायचा की थांबायचं, हे ठरवायच्या क्षणी लिव्हर शोधत बसायला बोटाला वेळ नसतो.

तारेचे ब्रेक बरे, ते कुठल्याही गावात दुरुस्त होतात, हे मात्र मान्य करावंच लागतं. तेलाच्या ब्रेकचं तेल मिळवणं हीच मोठी अडचण आहे. शिमानो, मगुरा, टेक्ट्रो यांना मिनरल ऑइल लागतं. मोटरसायकलच्या दुकानात हमखास मिळतं ते डॉट, 'तेलच आहे ना, चालतं' या प्रमाणपत्रासकट. ते चालत नाही. मिनरल ऑइलसाठी बनवलेली रबरी सीलं डॉटमध्ये फुगतात, आणि मग लिव्हर असा कडक होतो की परत येतच नाही. तेव्हा बाटली बाहेरून मागवा. एका ब्रेकला तेल थोडंसंच लागतं, उरलेलं पुढच्या खेपेला कामी येतं. फक्त बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहून ठेवा, नाहीतर घरात कोणीतरी ते कुरकुरणाऱ्या दाराच्या बिजागरीला घालून मोकळं होईल. मिनरल ऑइल असेल तर घालू द्यावं. डॉट असेल तर आधी दाराच्या रंगाची चौकशी करावी, कारण ते रंगही उतरवतं.