नाणे खाणारा बिडाचा गृहस्थ कसा घडवावा

मुलांना बचतीची सवय लावण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला उपदेशाचा, त्याचे फळ घरोघरी दिसतेच. दुसरा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या ओताऱ्यांनी शोधला आणि सुमारे पन्नास वर्षे चालवला. होतकरू कारागिरांच्या सोयीसाठी त्याच मार्गाची ही रीतसर माहिती.

आधी तत्त्व समजून घ्यावे. जत्रेतल्या मातीच्या गल्ल्याकडे यंत्र म्हणून पाहिले तर त्यात एकच हलता भाग सापडतो, तो म्हणजे फोडणाऱ्याचा हात. करमणूक एकदाच, तीही सगळ्यात शेवटी. अमेरिकन ओताऱ्याने हा क्रम उलटा केला. त्याच्या गल्ल्यात दर नाण्याला एक खेळ होतो आणि फोडण्यासारखे काहीच उरत नाही. मूल पैसे साठवत नसते, खेळाचे तिकीट काढत असते. ही गोष्ट पालकांच्या लक्षात येऊ न देणे हे रचनाकाराचे पहिले कर्तव्य.

साहित्य : बीड, बारीक वाळू, पोलादी स्प्रिंगा, खिळे, रंग आणि शक्य असल्यास एक यादवी युद्ध. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या लोकांनी नाणी दडवून ठेवली आणि बाजारातून चिल्लर अदृश्य झाली. सुट्ट्याऐवजी लोक पोस्टाची तिकिटे देऊ-घेऊ लागले (गोळ्या-चॉकलेट देण्याची सुधारणा पुढे आपल्याकडे झाली). युद्ध संपल्यावर तांब्या-निकेलची नाणी पुन्हा हातात खुळखुळू लागली, तेव्हा त्यांचे काय करावे हा प्रश्न मुलांना पडण्याआधीच कनेक्टिकटमधल्या क्रॉमवेल गावी जे. अँड ई. स्टीव्हन्स या कारखान्याने उत्तर तयार ठेवले. युद्धाची सोय होत नसेल तर पुढच्या पायरीकडे वळावे.

पहिली महत्त्वाची निवड शक्तीची. पुतळा हलणार, पण कोणाच्या जोरावर? नाण्याच्या वजनावर, मुलाच्या अंगठ्यावर, की चावी दिलेल्या स्प्रिंगेवर? हे तीनच पर्याय आहेत. चौथा, बॅटरीचा, स्वाभिमानी ओताऱ्याने मनातही आणू नये.

नाण्याच्या वजनावर चालणारी रचना सर्वांत नाजूक आणि सर्वांत सुंदर. मॅसॅच्युसेट्समधल्या जॉन हॉल यांनी 21 डिसेंबर 1869 रोजी 'एक्सेल्सियर' गल्ल्याचे पेटंट घेतले, तो याच जातीचा. बँकेची छोटी इमारत. दाराजवळची घंटेची मूठ ओढली की छप्पर उघडते आणि आतून रोखपाल टेबलासकट वर येतो. टेबलावर नाणे ठेवले की त्याच्या भाराने रोखपाल नाण्यासह आत जातो आणि छप्पर मिटते. पैसे हातात पडताच खिडकी बंद करणारा हा बिडाच्या बँकेतला पहिला रोखपाल. पुढच्या काळातल्या बँकिंगचा अंदाज हॉल यांना इतक्या लवकर कसा आला, ते पेटंटात लिहिलेले नाही.

हॉल यांचेच पुढचे काम आपल्याला अधिक उपयोगी. 1873 मधली 'टॅमनी बँक'. टॅमनी हॉल ही न्यूयॉर्कमधली राजकीय टोळी, आणि तिचा म्होरक्या विल्यम ट्वीड याला शहराची तिजोरी साफ केल्याबद्दल त्याच वर्षी शिक्षा झाली. गल्ल्यावर खुर्चीत बसलेला एक गुबगुबीत गृहस्थ आहे. त्याच्या हातावर नाणे ठेवायचे. हात आपोआप खाली येतो, नाणे कोटाच्या खिशात पडते, गृहस्थ आभारादाखल मान डोलावतो आणि रिकामा हात पुन्हा पुढे करतो. ना कळ, ना खटका, ना चावी. ट्वीड 1875 मध्ये कैदेतून पळाला, पुढच्या वर्षी स्पेनमध्ये सापडला आणि 1878 मध्ये तुरुंगात वारला. बिडाचा गृहस्थ मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षे दुकानांतून खपत राहिला आणि खात राहिला.

हा गृहस्थ घरी घडवायचा तर हिशेब असा. अमेरिकेचे त्या वेळचे एक सेंटचे नाणे 3.11 ग्रॅमचे. खांद्याच्या टेकूपासून तळहात 6 सेंटिमीटरवर धरला, तर नाण्याचा जोर 18.66 ग्रॅम-सेंटिमीटर भरतो. टेकूच्या मागच्या बाजूला इतकेच तोलवजन ठेवायचे की रिकामा हात वर उचललेला राहील, पण या आकड्याच्या बराच आत. बारा-चौदाच्या आसपास थांबणे बरे. उरलेल्या जोरातून टेकूचे घर्षण फिटते आणि मान डोलते, कारण मान त्याच दांड्याला जोडलेली असते. हात पुरेसा कलला की नाणे घसरते, भार जातो आणि तोलवजन हात परत वर आणते. म्हणजे लाच मागण्याची, घेण्याची, आभार मानण्याची आणि पुन्हा मागण्याची चारही कामे 3.11 ग्रॅममध्ये उरकतात. एवढी काटकसर खऱ्या टॅमनी हॉलमध्ये नव्हती.

आनंदाची गोष्ट अशी की 2019 नंतरचा आपला एक रुपया 3.09 ग्रॅमचा आहे, म्हणजे अमेरिकन सेंटच्या बरोबरीचा. पण गाफील राहू नये. 1992 पासूनचा जुना रुपया 4.85 ग्रॅमचा होता आणि 2011 मध्ये तो 3.79 वर आला. तिन्ही अजून डब्यात-पाकिटात सापडतात. जुन्या रुपयाचा जोर 29.1 भरतो, म्हणून कोणी हौसेने तोलवजन 24 वर बसवले तर गृहस्थ जुन्या रुपयाला लवून दाद देईल आणि पुढच्या दोन्ही रुपयांना ढिम्म हलणार नाही. रुपया हलका होत चालल्याचे अर्थतज्ज्ञ वेगळ्या अर्थाने सांगतात. इथे ते सरळ तराजूवर दिसते. असा गल्ला 'दर वाढवलेला पुढारी' म्हणून खपवता येतो, पण मूळ शिल्पाशी ती प्रतारणा ठरेल. आणखी एक ताकीद : टेकूच्या खिळ्यावर रंगाचा थेंबही उडू देऊ नये. तेवढ्या एका थराने लाचखोर प्रामाणिक होऊन बसतो.

अंगठ्यावर चालणाऱ्या गल्ल्यांत असली नाजूक गणिते नसतात. अंगठ्याचा जोर नाण्याच्या वजनाच्या कैक पट, त्यामुळे रचनाकार सैल सुटतो. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या शेपर्ड हार्डवेअर कंपनीने 1886 मध्ये 'अंकल सॅम' काढला. कळ दाबली की त्याचा हात नाण्यासह खाली जातो, प्रवासी पिशवीचे तोंड उघडून नाणे आत पडते आणि दाढी हलते. दाढी हलते म्हणजे तो काहीतरी बोलतो आहे. काय, ते प्रत्येक करदात्याने आपापले ऐकावे.

स्टीव्हन्सचा 1896 मधला 'विल्यम टेल' पाहा. इथे स्प्रिंग आधी ताणायची, धनुष्यावर नाणे ठेवायचे आणि टेलचा उजवा पाय दाबायचा. पायाखाली खटका आहे. नाणे सुटते, पोराच्या डोक्यावरचे सफरचंद उडते, नाणे मागच्या किल्ल्यात शिरते आणि आतली घंटा वाजते. पोराला काही होत नाही, फक्त डोक्यावर सफरचंद पुन्हा बसवावे लागते. स्प्रिंग निवडताना कंजुषी नको आणि उधळपट्टीही नको. कमी ताणाची स्प्रिंग घेतली तर नाणे वाटेत पडते. जास्त ताणाची घेतली तर ते किल्ल्यावरून जाऊन काचेच्या कपाटात जमा होते, आणि ती रक्कम बचतीत धरत नाहीत.

एकाच कळीतून अनेक हालचाली काढायच्या असतील तर 1883 चा 'गरुड आणि पिल्ले' हा गल्ला गुरुस्थानी मानावा. नाणे गरुडाच्या चोचीत. कळ दाबली की गरुड पुढे झुकतो, पिल्ले उठून चोची उघडतात, चिवचिवाट होतो आणि नाणे घरट्यात पडते. आतल्या दांड्यांना कमी-अधिक मोकळीक दिलेली असते, म्हणून कोण आधी आणि कोण नंतर हे ठरते. चिवचिव पोटातल्या छोट्या भात्यातून येते. हा भाग लोखंडाचा नाही, म्हणून तोच आधी झिजतो. आज संग्राहक अशा गल्ल्याला हात लावतात तो पहिल्यांदा कान लावून. गरुड शाबूत, रंग शाबूत, पण पिल्ले मुकी असली की चेहरे पडतात.

चावीचा मार्ग श्रीमंतांचा. फिलाडेल्फियाच्या जेम्स बोवेन यांची 1890 ची 'दोरीवरच्या उड्या मारणारी मुलगी' चावी देऊन चालते. ती उड्या मारते आणि दोरी तिच्याभोवती फिरत राहते. एका नाण्यात एवढा खेळ दाखवणे म्हणजे धंद्याच्या दृष्टीने आत्मघात. नवशिक्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

आता पात्राची निवड. इथे मार्गदर्शकाचा सूर थोडा बदलतो. याच काळातल्या गल्ल्यांचा फार मोठा भाग माणसांची टवाळी करण्यात गेला आहे. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांची विद्रूप तोंडे, 1882 मध्ये डुकरासोबतचा आयरिश 'पॅडी', त्याच वर्षी हातात चार एक्के दाखवणारा लबाड चिनी. ते वर्ष अमेरिकेने चिनी मजुरांना देशबंदी करण्याचा कायदा केल्याचे. हात तितकाच सफाईदार, तरफा तितक्याच अचूक, आणि मुलाला शिकवले काय, तर कोणाला हसायचे ते. बचत शिकवणे हा बहाणा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल; दोन्ही गोष्टी एका नाण्यात शिकवल्या जात होत्या. म्हणून पात्र निवडताना ट्वीडचा कित्ता गिरवावा. ज्याच्या हातात सत्ता आणि खिसा दोन्ही मोठे, त्याच्यावर हसावे. असे नमुने कुठल्याही देशात कमी पडल्याचे ऐकिवात नाही.

ओतकाम थोडक्यात. साच्याची वाळू ओलसर हवी, बीड पातळ वाहते हवे. बीड ठिसूळ असते, म्हणून नाकापेक्षा बारीक काही ओतू नये. कुत्र्याची शेपटी, गृहस्थाची बोटे, टोपीची कड ही मंडळी पहिल्याच पडण्यात निवृत्त होतात. अर्धे-अर्धे भाग ओतून लांब स्क्रूने आवळावेत. रिव्हेट ठोकताना हातोडी हलकी हवी. रंग लावावा.

नाण्याच्या फटीवर मात्र मन लावून काम करावे. सध्याच्या मालिकेतली आपली नाणी रुंदीला अशी : एक रुपया 20 मिलिमीटर, दोन रुपये 23, पाच रुपये 25, दहा आणि वीस 27. फट 28 ची ठेवली की सगळे मावते, आणि सगळे मावते म्हणजे सगळे बाहेरही येते. गल्ला उलटा करून, फटीत सुरी घालून, सुरीच्या पात्यावरून नाणे अलगद घसरवत बाहेर काढण्याची विद्या मुलांना कोणी शिकवावी लागत नाही. म्हणून फटीखाली तिरकी झडप हवी. नाणे तिला सरकवून आत जाते, सुरी तिच्यावर अडते. तळाला झाकण आणि त्याला कुलूप.

हे कुलूप चोरांसाठी असते अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती दुरुस्त करून घ्यावी. तळाचे झाकण उघडे राहिले तर मूल एकच नाणे वरून टाकते, खालून काढते आणि पुन्हा वरून टाकते. एका रुपयात संध्याकाळभर खेळ चालतो, बचत एक रुपयावर स्थिर राहते आणि तिकीटबारीचे दिवाळे निघते. कुलूप आहे ते या काटकसरीविरुद्ध. किल्ली वडिलांकडे द्यावी, आणि वडिलांनाही गरुडाच्या पिल्लांचा छंद लागला तर ती आजीकडे.

पहिल्या महायुद्धात लोखंड तोफांकडे वळले आणि हा उद्योग जवळजवळ संपला. आज मूळ गल्ले लिलावात जातात. त्यामुळे काही कारागिरांच्या मनात जो विचार येतो तो इथे टिपून ठेवणे भाग आहे : जुना गल्ला मिळवावा, त्याचाच वाळूत ठसा घ्यावा, नवा ओतावा, चहाच्या पाण्यात भिजवावा, महिनाभर अंगणात पुरावा आणि दीडशे वर्षे जुना म्हणून विकावा. तांत्रिक अडचण एकच. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आक्रसते. मूळ कारखान्याने साचा तेवढा मोठा घेतलेला होता. नकलेचा साचा म्हणजे खुद्द गल्ला, त्यामुळे 20 सेंटिमीटरचा तळ 2 मिलिमीटरने आखूड भरतो. जाणकार गिऱ्हाईक आपल्यासोबत मूळ तळाची रेखाकृती घेऊन येते, गल्ला तिच्यावर ठेवते आणि कडेकडेने पेन्सिल फिरवते. मग तळाच्या एका टक्क्याच्या तुटीसाठी ते किमतीतले नव्व्याण्णव टक्के कापून मागते.