तुमच्या गुडघ्यांचे फोटो आले आहेत

आदरणीय सुपरस्टार साहेबांना,


मेळघाटातल्या आमच्या संरक्षण कुटीला आपले पाय लागले आणि आम्ही धन्य झालो. एरवी इथे येतं कोण? मोह फुलला की अस्वल येतं, आणि कधीमधी रेशन.

गाडीतून उतरताच आपण विचारलंत, "टायगर कुठाय?" साहेब, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचं नाव आहे, पण वाघाला त्याचं काही पडलेलं नाही. सातपुड्याच्या दऱ्यांत, साग-बांबूच्या गचपणात तो आपला आपला हिंडतो. आपल्या चित्रपटातला वाघ वेळेवर येतो, आपल्या हातचा मारही खातो. इथल्याला ती शिस्त नाही. त्यात आपलं अत्तर इतकं उंची, की खालच्या नाल्यातले सांबरसुद्धा डोंगर ओलांडून गेले.

"काय शांतता आहे! नशीबवान आहात," असंही आपण म्हणालात. ही बातमी लगेच घरी कळवणार होतो, पण रेंजसाठी समोरची टेकडी चढावी लागते. मग 'जंगलाचा खरा हिरो' म्हणत माझ्या खांद्यावर हात टाकून रील झाली. धारणीला गेलो तेव्हा पाहिली. माझा खांदा छान आला आहे.

आपण विचारलंत, "रायफल कुठे?" मी काठी दाखवली, तर आपल्याला ती 'क्यूट' वाटली. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोब्यात गणनेसाठी वाघांच्या खाणाखुणा नोंदवत पायी चाललेल्या आमच्या एका वनरक्षक ताईंना वाघिणीने मारलं. त्या वाघिणीचं नाव माया. तिचेही चाहते होते, फोटो होते, आपल्यासारखंच सगळं. महाराष्ट्रात 2022 च्या गणनेत 444 वाघ निघाले, हे आपण भाषणात किती झोकात सांगितलंत! तो आकडा जिप्सीत बसून येत नाही, एवढं भाषण लिहिणाऱ्याला कुणीतरी सांगा.

आता आनंदाची बातमी. पायवाटेवरच्या कॅमेरा ट्रॅपमध्ये आपण टिपले गेला आहात. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लावतो. त्यामुळे आपण दोन्हीकडून आलात. फक्त कॅमेरे गुडघ्याच्या उंचीवर असतात, तेव्हा चेहरा नाही, नुसते गुडघे. पट्टे नसल्याने ओळख पटली नाही. नोंद 'माणूस' या रकान्यात केली आहे, एका गुराख्याच्या खाली.

शेवटी एक विनंती. पोझ संपल्यावर माझी काठी आपल्या माणसांनी आठवण म्हणून गाडीत टाकली. ती परत पाठवा. दुसरी मिळेल, प्रश्न तो नाही. गाभा क्षेत्रातून बांबू असा उचलून नेता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972. काठी आली नाही तर मला पीओआर, म्हणजे प्राथमिक गुन्हा अहवाल, फाडावा लागेल. त्यात आरोपीचं पाळण्यातलं नाव, वडिलांचं नाव, धंदा, सगळं लिहावं लागतं. आणि साहेब, वयसुद्धा. खरं.

आपला नम्र,
रीलमधला खांदा