परमदयाळू चिपदाते शेठजींस खुले पत्र

प्रति,
‘दहा मिनिटांत चिप बसवा’ संचाचे अज्ञात दाते, परमदयाळू शेठजी यांच्या सेवेशी,



पत्ता न घालता लिहितो आहे, क्षमा असावी. आपल्या पाकिटावर नाव नसतं, आत बिल नसतं, आणि ज्या नंबरावर आपण पैसे घेता तो माल पोचला की बंद होतो. इतकं गुप्तदान हल्ली कोण करतं? म्हणून पत्र उघड्यावरच ठेवतो. आपण वाचावं ही प्रार्थना. पण खामगाव, चिखली, मलकापूर, मेहकरच्या ज्या पोट्ट्यांनी आपला संच मागवला आहे किंवा जे मागवायच्या बेतात आहेत, त्यांनी तरी वाचावंच.

सर्वप्रथम आपले आभार. माझ्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीवाल्याला आपण काम पुरवता. दुकानात पोरगं येतं, दप्तरातून पंच्यात गुंडाळलेलं निन्टेन्डो स्विच हे गेम खेळायचं यंत्र काढतं आणि खालच्या आवाजात म्हणतं, “भाऊ, चालूच नाही होऊन राहिलं.” झाकण उघडलं की आपली चिपची पट्टी दिसते. दुबईहून आलेल्या मामांनी आणलेलं, नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुनं घेतलेलं यंत्र. इथे त्याचं सर्व्हिस सेंटर नाही. मेलं तर मेलं. हे आपल्याला चांगलं ठाऊक असतं, म्हणून आपण हमीच्या फंदात पडत नाही. व्यवहारातली ही स्वच्छता शिकण्यासारखी आहे.

आपल्या समदृष्टीला तर तोड नाही. ज्याला चिपची गरज आहे त्यालाही आपण विकता, ज्याला नाही त्यालाही. हे यंत्र मार्च 2017 मध्ये बाजारात आलं. त्याच्या प्रोसेसरमध्ये कारखान्यातच कोरलेला जो सुरुवातीचा प्रोग्रॅम असतो, त्यातली चूक 2018 च्या एप्रिलमध्ये संशोधकांनी जगजाहीर केली. कोरलेलं पुसता येत नाही, म्हणून त्या आधीच्या यंत्रांतली चूक कंपनीलाही अपडेट पाठवून सुधारता आली नाही. अशा यंत्राचं कुलूप उघडायला डाग द्यायची गरजच पडत नाही, चिप तर दूरची गोष्ट. यंत्र कोणत्या खेपेचं आहे हे खालच्या कडेवरच्या सिरीयल नंबरवरून कळतं. तो नंबर विचारायचे कष्ट आपण एकदाही घेतले नाहीत. कुणाच्या खासगी गोष्टीत कशाला डोकवा, हा आपला संकोच मी समजू शकतो.

चिपवरचं नाव आपण घासून काढता, त्यामागे नम्रताच असणार. पण भिंगाखाली पायांची मांडणी पाहिली की ओळख पटते. ही आरपी 2040, रास्पबेरी पायवाल्यांची आयसी. जानेवारी 2021 मध्ये तिचा अख्खा बोर्ड त्यांनी चार डॉलरला काढला होता. शाळकरी लेकरांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून झटणाऱ्या लोकांनी केलेली वस्तू. तिच्या अंगावरची अक्षरं पुसून, ‘आमचं खास तंत्रज्ञान’ म्हणून आपण ती अनेक पट किमतीला विकता. ज्या पोराला ती चार डॉलरची वस्तू हातात धरून शिकता आलं असतं, त्याच्यापासून आपण तिचं नाव लपवलंत. शेठजी, या एका गोष्टीसाठी मी आपल्याला माफ करणार नाही.

कारण ती चिप करते काय, हे समजून घेण्यासारखं आहे हो. यंत्र चालू होताना प्रोसेसर पुढच्या प्रोग्रॅमची सही तपासतो. नेमक्या त्या क्षणी एक मॉस्फेट प्रोसेसरचा पुरवठा निमिषभर खाली खेचतो. प्रोसेसरचा हिशेब चुकतो आणि तपासणीची पायरी सुटून जाते. क्षण अलीकडे पलीकडे झाला तर काहीच घडत नाही, म्हणून चिप मेमरीच्या तारांवर कान लावून वेळ साधत बसते. इतकी नाजूक गोष्ट आपण ‘चार तारा जोडा, झालं’ एवढ्यात उरकता. आपल्या वाक्यांची काटकसर थोर आहे.

तार किती लांब ठेवायची, हे आपण सांगत नाही. पोरगं वीतभर तार घालतं आणि ती ऐटीत बॅटरीवरून फिरवतं. लांब तारेतून तो निमिषाचा धक्का बोथट होऊन पोचतो, आणि यंत्र रोजच्यासारखं, जणू चिप बसवलीच नाही असं सुरू होतं. आपण पाठवलेल्या केसाएवढ्या तारेवर वार्निश असतं, ते खरवडल्याशिवाय किंवा डाग चढवून जाळल्याशिवाय जोड लागत नाही, हेही सांगत नाही. जोड वरून टिकल्यासारखा दिसतो, मीटर लावला की ओपन.

डागाबद्दल तर आपलं मौन ऋषितुल्य आहे. कारखान्यातलं बिनशिशाचं सोल्डर सुमारे 217 अंशांना वितळतं, आपल्याकडचं 63-37 चं 183 ला. ग्राउंडच्या जागी खाली तांब्याचा मोठा पत्रा असतो, तो सगळी उष्णता पिऊन टाकतो. पोरगं म्हणतं सोल्डर धरत नाही, आणि आयर्न दाबून ठेवतं. मग पॅडच उपटून हातात येतं. शिवाय इकडच्या कितीतरी जुन्या घरांत सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे तारच नसते. अर्थिंग नसलेल्या साध्या आयर्नच्या टोकाला थोडा करंट उतरलेला असतो, आणि मॉस्फेटला तेवढा पुरतो. डाग देताना आयर्नचा प्लग काढून घ्या आणि त्याआधी बॅटरीचा जोड सोडवा, एवढी दोन वाक्यं पाकिटात टाकायला काय लागलं असतं?

आता आपल्या व्हिडिओविषयी कृतज्ञता. त्यात हात गोरे आहेत, संगीत मधुर आहे, आणि मेमरीच्या आयसीखालच्या जागेला तार लावायची वेळ आली की दृश्य बदलून थेट पडदा उजळलेला दिसतो. ऑक्टोबर 2021 च्या ओलेड मॉडेलमध्ये ती एक जागा आयसीच्या पोटाखाली आहे. तिथे एकतर पातळ पट्टी सरकवायची, किंवा ब्लोअरने आयसी उचलून पुन्हा बसवायची. आपली पट्टी टेबलावर लागते आणि लोणारहून एसटीने येईपर्यंत सुटते. मग तिसरा मार्ग म्हणून कुणीतरी सुचवतं, बोर्डच खरवडून आतल्या थरातली रेघ गाठा. असा एक बोर्ड माझ्यापुढे आला तेव्हा लोणारचं विवर आठवलं. फरक इतकाच की लोणार पाहायला जगभरातून माणसं येतात.

आणि जिथे सगळं नीट लागलेलं असतं, तिथेही आपण पोरांना हरवता. पहिल्यांदा चालू करताना चिप योग्य क्षण शोधत असते. त्याला कधी काही सेकंद लागतात, कधी बराच वेळ. एकदा सापडला की ती तो लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी झटकन सुरू होते. ‘वाट पाहा’ हे दोन शब्द आपण लिहिले नाहीत. काळा पडदा बघून पोरं घाबरतात, बटण दाबून बंद करतात, आणि चांगले लागलेले जोड उकलून पुन्हा डाग द्यायला बसतात. बोर्ड त्यातच जातो. चिपवरचा छोटा दिवा लुकलुकून काय बिघडलं ते सांगत असतो. त्याचा अर्थ सांगणारा कागद आपण पाठवत नाही.

त्यांना मी माझ्याकडून सांगतो ते इथेही सांगून ठेवतो. घाईने पुन्हा उकलू नका. बॅटरी काढा, मीटर डायोड मोडवर ठेवा, लाल टोक ग्राउंडला, काळं एकेका जागेला. दर जागी काही आकडा यायला हवा. ओएल आलं तर तार लागलेली नाही, शून्य आलं तर ग्राउंडला चिकटली आहे. निम्म्याहून अधिक बिघाड इथेच सापडतात. प्रोसेसरवरचा पत्रा काढला असेल तर परत बसवताना नवी थर्मल पेस्ट लावा. आणि यंत्र उघडलं की सगळ्यात आधी आतल्या मेमरीची पूर्ण प्रत काढून ठेवा. प्रत्येक यंत्राच्या किल्ल्या वेगळ्या असतात, दुसऱ्याची प्रत चालत नाही. शिवाय खेळांतली प्रगती त्याच मेमरीत असते, कार्डात नाही. बहिणीसोबत कोविडच्या टाळेबंदीत खेळलेलं सगळं गमावून बसलेलं एक पोरगं माझ्या बाकावर रडलं होतं, शेठजी. आपल्या पाकिटावर तेव्हाही हसरा चेहरा छापलेला होता.

‘हजारो गेम मोफत, शंभर टक्के कायदेशीर’ या आपल्या आश्वासनाला मी विशेष वंदन करतो. आपल्या देशाच्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने 65अ हे कलम आलं. हक्कांचं उल्लंघन करण्याच्या हेतूने असं कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असं ते म्हणतं. म्हणजे सगळं हेतूवर येतं. स्वतःच्या यंत्रावर लिनक्स चालवून पाहणारं पॉलिटेक्निकचं पोरगं एका बाजूला, आणि चोरीचे गेम भरलेलं कार्ड संचासोबत विकणारे आपण दुसऱ्या बाजूला. आपण मात्र दोघांना एकाच जाहिरातीत बसवता, म्हणजे बोट दाखवायची वेळ आली की ते पोराकडे जावं. टीम एक्झिक्यूटर नावाच्या टोळीत विक्री सांभाळणारा कॅनडाचा गॅरी बाउझर 2020 मध्ये पकडला गेला, फेब्रुवारी 2022 मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने त्याला 40 महिन्यांची शिक्षा दिली आणि 45 लाख डॉलरची भरपाई लादली. आपल्या धंद्यातला पूर्वज म्हणून सांगितलं. बदललेलं यंत्र ऑनलाइन नेलं तर ते तिथून कायमचं बाद होऊ शकतं, हेही गिऱ्हाइकाला नंतरच कळतं.

शेठजी, आता मनातलं बोलतो. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. त्यात शेतीची अवजारं आहेत, मोबाइल आहेत. ट्रॅक्टरच्या सेन्सरसाठी आठवडाभर माणूस यायची वाट पाहणाऱ्या माझ्या जिल्ह्याला तो हक्क काय आहे, हे समजावून सांगावं लागत नाही. विकत घेतलेली वस्तू उघडून पाहता यावी, ती कशी चालते हे आपल्या भाषेत कळावं, बिघडली तर गावात दुरुस्त व्हावी, एवढंच आम्ही मागतो. हा हक्क मागितला की तो नाकारणारे लोक आपलं पाकीट दाखवतात. बघा, म्हणतात, उघडू दिलं की काय होतं. आमच्या बाजूचा सगळ्यात वाईट पुरावा आपण तयार करता, आणि तो हजारांनी विकता.

म्हणून ही विनंती. पुढच्या खेपेला हसरा चेहरा काढून त्या जागी जोडणीचा नकाशा छापा. प्रत्येक जागेचा डायोडचा आकडा, दिव्याच्या लुकलुकण्याचा तक्ता, तारेची लांबी, प्रत आधी काढायची सूचना, आणि सिरीयल नंबर तपासण्याची पद्धत, सगळं मराठीत आणि हिंदीत. चोरीचं कार्ड पाठवू नका. चिपवरचं नाव घासू नका. आणि आपलं नाव व पत्ता घाला, म्हणजे पुढचं पत्र रजिस्टरने पाठवता येईल, आणि त्यासोबत पोरांचे बोर्डही.

आपला आज्ञाधारक,
एक दुरुस्तीवाला
खामगाव, जिल्हा बुलढाणा