होणाऱ्या आजोबांचे आरोग्य खाते

नारायण पेठेत वैद्यकीय सल्ला फुकट मिळतो आणि नको म्हणायची सोय नसते. पत्र्या मारुतीपासून मोदी गणपतीपर्यंत एखादी गरोदर बाई चालत गेली, तर वाटेत तिला आहारतज्ज्ञ, ज्योतिषी आणि निवृत्त प्रसूतितज्ज्ञ असे सगळे भेटतात. यांपैकी पदवी कोणाकडेच नसते. प्रस्तुत लेखक या मंडळींना हसत असे. सून गरोदर असल्याचे कळले, त्या दिवशी त्याने हसणे थांबवले आणि स्वतःचे खाते उघडले.

त्याची पात्रता दुहेरी होती. एक म्हणजे वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्या. त्या त्याने तांबड्या पेनाने अधोरेखित करून, सुतळीने बांधून माळ्यावर ठेवल्या आहेत. प्रत्येक लेखाच्या शेवटी ‘डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे’ असे एक वाक्य असते. तेवढे मात्र त्याने कधी अधोरेखित केलेले नाही. दुसरी पात्रता म्हणजे त्याची स्वतःची देहयष्टी. लग्नातली पँट त्याला अजून होते. हे तो पाहुण्यांना सांगतो, रिक्षावाल्यांना सांगतो, आणि कोणी विचारलेच नाही तर पट्टा एक भोक आत ओढून दाखवतो. आपण काटक आहोत आणि काटकपणा हा घराण्यातून सुनेच्या बाळाकडे आपोआप जाणार, असा त्याचा ठाम समज.

या समजाला धक्का बसला तोही पुण्यातूनच. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघेही सडपातळ, दोघांचाही उंचीवजनाचा निर्देशांक २२.३. फरक आत होता. साहेबाच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि आपल्या माणसाच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे वजनकाट्यावर सारखे दिसणारे दोघे, आणि त्यातल्या पुणेकराच्या अंगात दुपटीहून जास्त चरबी. सुनेने हा फोटो फोनवर दाखवला, तेव्हा लेखकाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि “फोटो जुना आहे” असे मत दिले.

पण सून माहिती-तंत्रज्ञानातली असल्यामुळे एका पुराव्यावर थांबत नाही. याज्ञिकांच्याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळाचे सरासरी वजन निघाले २.७ किलो, इंग्लंडातल्या साउदम्प्टनच्या बाळाचे ३.५. आपले बाळ स्नायूंत कमी, पोटातल्या अवयवांत कमी, पण कातडीखालच्या चरबीत मात्र फारसे मागे नाही. वरून रोड आणि आतून चरबीदार असा हा पिंड पाळण्यातूनच सुरू होतो, आणि पुढे मधुमेहाला घराचा पत्ता शोधावा लागत नाही. त्याच अभ्यासात असेही दिसले, की ज्या बायका गरोदरपणात दूध, पालेभाज्या आणि फळे नेमाने खात होत्या त्यांची बाळे अधिक चांगल्या वाढीची होती. आणि अभ्यासातल्या सुमारे दोन-तृतीयांश बायकांच्या रक्तात बी-१२ कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. वरणभातातून मिळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध वरणभातावर वाढल्याचा अभिमान बाळगणाऱ्या पेठेला ही बातमी पचायला जड जावी यात नवल नाही.

लेखकाने त्यावर ताबडतोब एक उपाय जाहीर केला. खरवस.

आता खरवसाबद्दल दोन शब्द, म्हणजे पुणेरी दोन. गाय किंवा म्हैस व्याली की पहिल्या दिवसाचे जे दूध निघते तो चीक. तो इतका दाट असतो की त्यात साधे दूध घातल्याशिवाय वडी मऊ होत नाही. ते प्रमाण किती, यावर पेठेत दोन घरांचे एकमत झालेले नाही. मग गूळ की साखर हा वाद. साखरवाले खरवसाला पांढरा ठेवतात आणि स्वतःला सोवळे समजतात. गूळवाले बरोबर असतात. वेलची हवीच, जायफळ किसून वरून, केशर असेल तर पाहुण्यांना दिसेल अशा जागी. कुकरला शिटी न लावता वाफवायचा आणि सुरी घालून बघायचे. आत बारीक जाळी पडली पाहिजे. दुकानांत मिळतो तो बऱ्याचदा चायना ग्रास घालून घट्ट केलेला. तो दातांखाली करकरतो आणि मनाला लागतो. अस्सल खरवस जिभेवर ठेवला की काही क्षण काहीच करावे लागत नाही. मुळशीकडून येणाऱ्या दूधवाल्याकडे लेखकाने कितीतरी आधी सांगून ठेवलेले असते. एखादी म्हैस गाभण आहे असे कळले की तो तिच्या प्रकृतीची चौकशी अशी करतो, की दूधवाल्याच्या मनात त्याच्याविषयी काहीतरी शंका येते.

चीक वाफेवर घट्ट का होतो? त्यात प्रथिने भरपूर असतात, आणि त्यांतली बरीचशी वासराला रोगांपासून वाचवणारी प्रतिपिंडे असतात. रेडकासाठी म्हशीने साठवलेले हे संरक्षण आपण गूळ घालून वाफवतो, वड्या पाडतो आणि डब्यातून शेजारी पाठवतो. आणि ज्या घरांत या वड्यांसाठी रांग लागत होती, त्यांतल्याच कितीतरी घरांत बाळंतिणीचा पहिला पिवळसर चीक मात्र ‘जड असतो, खराब असतो’ म्हणून पिळून टाकून देत. बाळाच्या जिभेवर मध लावत. पहिल्या तासाभरात बाळाला अंगावर पाजावे, पहिले सहा महिने पाणीसुद्धा देऊ नये, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर अजिबात देऊ नये, कारण त्यातल्या जंतूंनी लुळेपणा आणणारा आजार होऊ शकतो, हे आता कोणतीही आशाताई सांगते. म्हशीच्या चिकाला एवढा मान देणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवे होते, असे सून म्हणाली. लेखकाने विषय बदलला.

विषयांना तोटा नव्हता. ग्रहणात भाजी चिरू नकोस, हे खालच्या मजल्यावरून. पपई बघूसुद्धा नकोस, हे समोरून. कच्ची टाळावी, पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी काही होत नाही, हे डॉक्टरांकडून, पण डॉक्टर समोर राहत नाहीत. जेवण झाले की अमृततुल्य चहा पाठवणारे एक प्रेमळ शेजारी. लोहाच्या गोळीवर चहा प्यायला तर लोह अंगी लागत नाही आणि लिंबू पिळलेले पाणी घेतले तर जास्त लागते, हे त्यांना कोणी सांगावे? सरकारी शिस्तीप्रमाणे गरोदरपणात ही गोळी किमान १८० दिवस रोज घ्यायची असते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, कारण दोघी एकत्र नांदत नाहीत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय असल्याचे दिसले होते. त्यात गोळ्या घरात पडून आहेत आणि किटलीभर चहा चालू आहे, अशी घरे किती असतील?

पोटाच्या आकारावरून मुलगा की मुलगी हे सांगणारे पेठेत घरोघर आहेत. रक्तदाब किती, असे सुनेला एकानेही विचारले नाही. डोके सतत दुखते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, तोंडावर सूज आहे का, बाळाची हालचाल कमी झाली का, हे प्रश्न कोणाच्या ओठांवर आले नाहीत. आणि दवाखान्याकडे धाव घ्यायला लावणारे प्रश्न तर हेच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. २०१६ पासून ही सोय आहे. आमच्या गल्लीत त्या तारखेपेक्षा संकष्टीची तारीख जास्त जणांना पाठ आहे.

डोहाळजेवणात दोन वाट्यांखाली पेढा आणि बर्फी झाकून ठेवली. सुनेच्या हाताला बर्फी लागली, म्हणजे मुलगी. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या वाजण्याआधी एक क्षण गेला. तो क्षण लेखकाला आवडला नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ साली. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली ८९४ निघाल्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. सोनोग्राफीच्या दारावरची पाटी सगळ्यांना वाचता येते. वाट्यांचा खेळ गंमत म्हणून ठीक, पण त्या एका क्षणाचे काय करायचे?

पण सल्ल्यांमागे भीती असते, हेही खरे. आनंदीबाई जोशी पुण्यात जन्मल्या. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. त्या अमेरिकेला जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या. प्रबंधाला त्यांनी विषय घेतला हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. बावीसही पुरी नव्हती. महाराष्ट्रात दर लाख जन्मांमागे मातामृत्यू ३३ पर्यंत खाली आले होते, असा २०१८ ते २० चा आकडा आहे. पण बाळंतपणात गेलेली आत्या किंवा काकू कित्येक जुन्या घरांच्या आठवणीत अजून आहे. ‘हे करू नकोस’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना तिचा चेहरा दिसत असतो.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. सगळ्या सूचना एकट्या सुनेलाच. तिने वाकू नये, धावू नये, जागू नये, रागावू नये. घरातल्या पुरुषांसाठी एकही सूचना नाही. जिन्यात उभे राहून सिगरेट ओढणाऱ्या मुलालासुद्धा नाही. सुनेने ही उणीव एका रविवारी भरून काढली. निमित्त डासांचे. २०२४ च्या जून-जुलैत पुण्यात झिकाचे रुग्ण निघाले, त्यांत गरोदर बायकाही होत्या. गर्भारपणात हा विषाणू लागला तर बाळाचे डोके लहान राहू शकते. तो पसरवणारा डास गटारात वाढत नाही. त्याला स्वच्छ साचलेले पाणी लागते, आणि चावतो तो दिवसा. लेखकाच्या गच्चीवर गुलाब, मोगरा, तुळस आणि सोनटक्का आहे, आणि प्रत्येक कुंडीखाली एक ताटली. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून दर रविवारी ताटल्या ओतून घासायच्या. नुसत्या ओतून चालत नाही. कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी तग धरतात. पिंपे झाकायची, फ्रिजमागचा ट्रे बघायचा, आणि मुलाची सिगरेट जिन्यातूनही हद्दपार. खात्याचे प्रमुख रविवारी सकाळी काथ्या घेऊन उकिडवे बसू लागले. पँट तेव्हाही बसत होती, हे नमूद करायला हवे.

मग साखरेची तपासणी आली. गरोदरपणी पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोजचे पाणी प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात; आकडा १४०च्या खाली हवा. धीर देण्यासाठी लेखक सोबत गेला. दोन तास बाकावर बसून काय करायचे, म्हणून सुनेने सुचवले, “बाबा, तुम्हीपण देऊन टाका ना.” काटक माणसाला भीती कशाची? त्याने बाही वर केली आणि शेजारच्या गृहस्थांना लग्नातल्या पँटची गोष्ट सांगायला घेतली.

सून पास झाली. लेखकाचा आकडा डॉक्टरांनी दोनदा वाचला, मग त्याच्याकडे बघितले, मग पट्ट्याकडे. याज्ञिक आणि युडकिन यांचा फोटो आता सुनेने फ्रिजच्या दारावर लावला आहे.

त्याच आठवड्यात मुळशीची म्हैस व्याली. चीक अव्वल होता, गूळ योग्य, जाळी नेटकी. सुनेने वाटीभर संपवला आणि चमचा थोडा पुढे करून म्हणाली, “बाबा, एवढा एक घास?”

स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, “अजिबात देऊ नकोस गं. गच्चीवर पाठव त्यांना, रविवार आहे.”