गच्चीची किल्ली आणि कॉफी

मुंबईच्या उपनगरांत ‘बाहेर’ नावाची जागा उरलेली नाही. बाल्कनी होती, ती हॉलमध्ये घेतली. खिडकी होती, तिला लोखंडी जाळी बसवली आणि त्या जाळीत तुळस, फिनेलची बाटली आणि सायकलचा निवृत्त पंप राहायला गेले. अशा परिस्थितीत अंधेरीच्या एका काचेच्या इमारतीत दिवसभर एसीत बसणारा माझा भाचा मुलुंडला आला आणि म्हणाला, “मामा, कॉफी बाहेर करून प्यायची असते. उघड्यावर.” उघड्यावर करायच्या ज्या गोष्टींविरुद्ध महापालिका इतकी वर्षं फलक लावते आहे, त्यांत कॉफी नाही ना, हे मी मनातल्या मनात तपासून घेतलं.

मराठी घराला कॉफी काही नवी नाही. पोलसन म्हटलं की लोकांना लोणी आठवतं, पण पोलसनवाल्या पेस्तनजी एदलजींनी धंद्याची सुरुवात कॉफी दळून विकण्यापासून केली होती. आमची कॉफी म्हणजे भरपूर दूध, त्याहून भरपूर साखर आणि वर किसलेलं जायफळ. कॉफीने झोप उडते, जायफळाने येते. दोघांना एका कपात घालून कोण जिंकतं ते आपण बघत बसतो. ही कॉफी मिळायची उपासाला, दहावीच्या अभ्यासाला, आणि “मी चहा घेत नाही” असं सांगणाऱ्या पाहुण्याला. कॉफीलाही नको म्हणणाऱ्याला सरबत. आणि सरबतही नको म्हणणाऱ्याशी सोयरीक करू नये, असं आई म्हणायची.

भाच्याने ट्रेकिंगची सॅक उपडी केली. आतून हातदळणी निघाली, ग्रॅमवारी तोलणारा काटा निघाला, गॅसचा छोटा डबा, त्यावर बसणारा तीन पायांचा बर्नर आणि एक जाडजूड पिचकारी. या पिचकारीला एरोप्रेस म्हणतात. अ‍ॅलन अ‍ॅडलर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने ती २००५ मध्ये बाजारात आणली. त्याआधी तो हवेत फेकायच्या चकत्या बनवायचा. “म्हणजे खेळणीवाला,” बायको म्हणाली आणि कणीक मळायला निघून गेली.

आता जागा. पहिलं नाव अर्थातच बोरिवलीच्या नॅशनल पार्कचं. शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं जंगल, तेही शहरात. पण तिथे विस्तव पेटवायला सक्त मनाई आहे आणि ती योग्यच आहे. मला हळहळ वाटते ती तिथल्याच कान्हेरी लेण्यांतल्या भिक्षूंची. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी त्या मंडळींनी लेण्यांबाहेर बसायला दगडी ओटे कोरले, पाण्याच्या पोढ्या खोदल्या, समोर जंगलाचा देखावा होताच. उघड्यावर कॉफी पिण्याची इतकी चोख व्यवस्था पश्चिम रेल्वेवर आजतागायत दुसरी झालेली नाही. फक्त कॉफी नव्हती. ती, म्हणतात, सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी मक्केहून परतताना सात बिया लपवून आणल्या तेव्हा चिकमगळूरच्या डोंगरांत रुजली. भिक्षू तोवर कधीच पांगले होते.

मग भाच्याने कळसूबाई सुचवली. त्यामागे शास्त्र आहे. कॉफीला पाणी साधारण ९२ ते ९६ अंशांचं लागतं म्हणे. समुद्रसपाटीला ते १०० अंशांना उकळतं आणि दर तीनशे मीटरला जवळपास एक अंश उतरतं. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे तिथे पाणी पंच्याण्णवच्या आसपासच उकळणार. महाराष्ट्राच्या सर्वांत उंच शिखरावर निसर्गाने बरोबर कॉफीचं पाणी ठेवलं आहे! मात्र तिथे पोचायला कसाऱ्यापर्यंत लोकलने जायचं, तर गॅसचा डबा नेता येत नाही. रेल्वे कायद्याचं कलम १६४ ज्वालाग्राही सामानासाठी तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं. “मुलुंडलाच उकळा आणि पाच मिनिटं थांबा,” स्वयंपाकघरातून निकाल आला. शास्त्र त्यावर गप्प बसलं.

राहिली सोसायटीची गच्ची. गच्ची सगळ्यांची असते आणि किल्ली सेक्रेटरींची. आमच्या सेक्रेटरींचं तर्कशास्त्र असं की आग लागली तर माणसांना गच्चीवर जाता आलं पाहिजे, म्हणून गच्ची जपायची. आणि जपायची म्हणून कुलूप. वर्षातून एकदा, कोजागिरीला, ते निघतं. त्या रात्री तिथे सोसायटीच्या वर्गणीतून शेगडी पेटते, पातेलंभर दूध आटतं आणि अग्निसुरक्षेचा विषयसुद्धा कोणी काढत नाही.

“दूध चालतं तर कॉफी का नाही?” मी विचारलं.

“कोजागिरीला ठराव असतो,” सेक्रेटरी म्हणाले. मग जरा थांबून, “कोणती कॉफी आहे?”

रविवारी सकाळी सहाला आम्ही वर होतो. आम्ही म्हणजे भाचा, मी, देखरेखीसाठी सेक्रेटरी, आणि कुलूप उघडल्याची बातमी लागल्यामुळे कुरडया वाळत घालायला आलेल्या तळमजल्यावरच्या काकू. पश्चिमेला येऊरचे डोंगर धुक्यात, पूर्वेला मिठागरं आणि पलीकडे ऐरोलीची खाडी. मुलुंडचं डंपिंग २०१८ मध्ये बंद झालं नसतं, तर ही कॉफी नाकाला रुमाल बांधून करावी लागली असती, हेही इथे नोंदवायला हवं.

वारा खाडीकडून होता. ज्योत आडवी झाली. भांड्यातलं पाणी सोडून ती पाण्याच्या टाकीला ऊब देऊ लागली. सेक्रेटरींनी वर्तमानपत्राचा आडोसा धरला, तो भाच्याने घाईघाईने काढायला लावला. मग काकूंनी कुरडयांचा पत्र्याचा डबा वाऱ्याच्या बाजूला उभा केला. भाचा म्हणाला, “एकाच बाजूने हं काकू, चहूबाजूंनी झाकलं तर गॅसचा डबा तापतो.” काकू म्हणाल्या, “बाळा, मी स्टोव्हवर दिवस काढलेत.”

पाणी उकळलं, थांबलं, आणि भाच्याने ते ताज्या दळलेल्या पुडीवर बारीक धारेने सोडलं. तेव्हा एक गोष्ट झाली, ती मात्र बघण्यासारखी होती. पूड फुगली. तिच्यावर तपकिरी, चकचकीत बुडबुडे आले, फुटले, पुन्हा आले. भाजताना दाण्यात अडकलेला वायू बाहेर पडतो, त्याचा हा खेळ. जुन्या पुडीला तो येत नाही. चौघांची डोकी त्या पिचकारीवर वाकली होती आणि त्या अर्ध्या मिनिटात पार्किंगचा विषय निघाला नाही. आमच्या सोसायटीत हे अपूर्व आहे.

मग दाबादाबी झाली आणि कॉफी निघाली एक कप. माणसं चार. पुढच्या कपासाठी पुन्हा दळा, पुन्हा तोला, पुन्हा उकळा. चौथा कप काकूंच्या हाती पडला तेव्हा ऊन टाकीवर चढलं होतं आणि सेक्रेटरी दुसऱ्यांदा रांगेत होते. काकूंनी एक घोट घेतला, तोंड काही क्षण बंद ठेवलं आणि विचारलं, “यात दूध कधी घालायचं?” भाच्याचा चेहरा पडला. मी जायफळ खिशातच ठेवलं.

चव? चांगली होती. आंबटसर, स्वच्छ, मागे थोडा गुळासारखा गोडवा. साखरेविना संपवलेला माझा पहिलाच कप. पण उघड्यावरच्या कॉफीतला खरा तज्ज्ञ वेगळाच आहे. रात्री उशिरा सायकलला टाक्या बांधून फिरणारा तो कॉफीवाला. ना काटा, ना पिचकारी. तो घरीच करतो, भरतो आणि बाहेर आणून विकतो. माझं मत त्याच्या बाजूने पडलं आहे: कॉफी घरात करावी, थर्मासात भरावी आणि प्यायला तेवढं वर जावं. वारा, गॅस, कलम १६४, सगळे प्रश्न मिटतात. किल्लीचा प्रश्न उरतो. म्हणून उपनगरांतल्या तमाम सेक्रेटरींना विनंती आहे, रविवारी सकाळी सहा ते आठ तेवढं कुलूप काढा. तुमचा कप आम्ही धरूनच चालतो.